हातचं राखून सांगितलेलं आभाळ

रोस्विता थेलेनच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, हे आमच्या अख्ख्या काल्टनराथ गावाला ठाऊक होतं. फक्त तसं बोलून दाखवायची सोय नव्हती. लग्नानंतर नवऱ्याने, एंगेलबर्टने, एकदा मनगटावरचं घड्याळ बघून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं. "तुझं मागे पडतंय, दुरुस्त करून घे," असं ती म्हणाली, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी खरोखरच घड्याळजीकडे जाऊन आला. घड्याळजीने घड्याळ न उघडताच परत दिलं म्हणे. "थेलेनच्या घरी ना? चालू द्या," एवढंच बोलला.

मुलीचं, अलमुटचं, तसं झालं नाही. ती सोळा वर्षांची असताना एका शनिवारी नाचाला गेली होती आणि अकराच्या ठोक्याला दारात हजर झाली. भिंतीवर अकरा वाजून दहा मिनिटं. पोरीने आपलं घड्याळ दाखवलं, चर्चचे ठोके आत्ता पडले म्हणून सांगितलं, रडली, ओरडली. रोस्विता ढिम्म. "या घरात हेच घड्याळ खरं." महिनाभर बाहेर जाणं बंद. पुढे अलमुट शिकली आणि डेन्मार्कमध्ये सोन्नरबोर्गला सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवण्याची नोकरी धरून राहिली. इतक्या लांब का गेलीस असं कोणी विचारलं, तर "तिथली घड्याळं बरोबर आहेत," असं हसत सांगायची. हे रोस्विताच्या कानावर आलं होतं. ती हसली नव्हती.

आता कोणी म्हणेल, बाई खोटारडी. तसं नव्हतं. बाई संशयी होती. माणूस सांगितलेल्या वेळेला येत नाही, उशिरा येतो, हा तिचा पक्का समज. मग सांगायचंच आधीचं, म्हणजे निदान वेळेवर तरी येईल. बेकरीवाला वजनात मारतो, पोस्टमन पोस्टकार्डं वाचतो, टीव्हीवरचा हवामानवाला शनिवार-रविवारचं ऊन फुगवून सांगतो, कारण हॉटेलवाल्यांशी त्याचं काहीतरी असणार. अशा जगात माणसाने हातचं राखून बोलू नये तर काय करावं?

आणि अशा बाईला देवाने नोकरी काय दिली, तर आमच्या टेकडीवरच्या विमानमैदानात काचेच्या खोलीत बसायची.

मैदान म्हणजे काय, एक डांबरी पट्टी, पत्र्याची दोन गोदामं, एक कँटीन आणि कँटीनच्या डोक्यावर ती काचेची खोली. क्लबातल्या लोकांची लहान विमानं इथून उडतात. विमान उतरायचं किंवा उडायचं असलं की वर कोणीतरी रेडिओपाशी बसावं लागतं. बावीस वर्षं ती खुर्ची रोस्विताची. पण गंमत अशी, की त्या खुर्चीला हुकूम सोडायचा अधिकार नाही. वारा कुठून, पट्टी मोकळी आहे का, ढग केवढ्यावर दिसतोय, एवढंच सांगायचं. येऊ की नको हे वैमानिकाने ठरवायचं. दुसऱ्याच्या अकलेवर काडीचा भरवसा नसलेल्या बाईला यापेक्षा मोठी शिक्षा कोणती?

आमच्या बाजूला उडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक डोळ्यांवरची. ढगापासून दूर राहायचं, जमीन नजरेत ठेवायची, आपली वाट आपण बघायची. दुसरी काट्यांवरची. समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विश्वास टाकून बेलाशक ढगात शिरायचं, आणि खाली रडारवर बसलेला माणूस बोट धरून नेईल तसं जायचं. डेन्मार्कचा रडारवाला जर्मनीच्या हाती देतो, जर्मनीचा बेल्जियमच्या. मोठ्या विमानतळावर तर ढगातल्या ढगात पट्टीपर्यंत उतरवणारी यंत्रं असतात. काल्टनराथला असलं काही नाही. म्हणून लांबून काट्यांवर येणाऱ्याला आमच्याकडे उतरायचं, तर आकाशातच कुठेतरी काटे सोडून डोळ्यांवर यावं लागतं. निघतानाच तसं कळवलेलं असतं, अमुक गावापर्यंत काट्यांवर, पुढे डोळ्यांवर.

पण कळवलेलं असलं तरी ती घडी आली की वैमानिकाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, "काट्यांवरचं उड्डाण इथे संपवतो." ते त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे. रडारवाल्याला विचारायची मुभा नाही. "खालचं दिसत असेल ना आता?" असं आडून सुचवायचीसुद्धा नाही. कारण माणसाला जरा ढकललं की तो "हो, दिसतंय" म्हणून मोकळा होतो, आणि एकदा म्हटलं की रडारवाल्याचा हात सुटला. मग तो आणि त्याचे डोळे.

हा नियम रोस्विताला फार आवडायचा. ज्याने कोणी केला त्याने माणूस ओळखला होता, असं ती म्हणायची.

तिची सगळी भीती त्या घडीची होती. उत्तरेकडून येणाऱ्याला मोझेल नदीवर ढगात एखादं भोक दिसतं. खाली द्राक्षाचे मळे, उन्हाचा कवडसा. तो खुशीत काटे सोडतो, भोकातून खाली शिरतो आणि ढगाखालून आडव्या दरीने आमच्याकडे चढू लागतो. दरी अरुंद होत जाते आणि तिच्या टोकाला आमची टेकडी. टेकडीवर ढग बसलेला असेल तर पुढे जाता येत नाही आणि मागे वळायला जागा नाही. वरून मळे दिसतात, टेकडी दिसत नाही. टेकडीवर काय आहे हे एकटी रोस्विता सांगू शकते.

म्हणून ती निम्मं सांगायची.

ढग आठशे फुटांवर दिसला की "चारशे." सहाशेवर असला की "तीनशे, आणि खाली येतोय." आठशे म्हटलं तर हे लोक पाचशेवर येण्याची हिंमत करतात, मग चारशेच म्हणावं, म्हणजे घरी तरी बसतील. तिच्या काळात एकाही विमानाला ओरखडा आला नव्हता, आणि त्याचं श्रेय ती मनातल्या मनात स्वतःलाच द्यायची.

गेली काही वर्षं मात्र तिच्या मनात पाल चुकचुकत होती. कारण ती दोन बोटं.

तिने ढग सांगितला, की कँटीनच्या अंगणात उभे असलेले वैमानिक एकमेकांना दोन बोटं दाखवायचे आणि गालातल्या गालात हसायचे. पहिल्यांदा तिला वाटलं, दोन बियर मागतायत. पण मग सकाळी नऊला? मग वाटलं, आपल्या हनुवटीला दोन घड्या आहेत त्यावर चाललंय. मग तिला भलताच संशय आला. क्लबाचा अध्यक्ष टिलमान, दातांचा डॉक्टर, गोड बोलण्यात पटाईत. तो हल्ली ढगाची उंची मोजणारी यंत्रं आणि खांबावरचे कॅमेरे यांची माहितीपत्रकं चाळत बसायचा. काही मैदानांवर म्हणे आता वर माणूसच बसवत नाहीत. दोन बोटं म्हणजे दोन महिने. आपली दोन महिन्यांत उचलबांगडी.

"दोन बोटं म्हणजे काय रे?" तिने एंगेलबर्टला जेवताना विचारलं.

एंगेलबर्ट मधमाश्या पाळतो. चावणाऱ्यांमध्ये शांत कसं राहायचं हे त्याला चांगलं कळतं. "विजयाची खूण असेल," तो म्हणाला आणि बटाट्याचा मोठा घास तोंडात कोंबला.

"तुला माहितीये. तुझे कान लाल झालेत."

"सूप गरम आहे."

"आज सूप केलेलंच नाही, एंगेलबर्ट."

या दोन बोटांचा म्होरक्या गेर्नोट प्यूट्झ, असा तिचा कयास होता. गेर्नोटचा धंदा घर गरम ठेवणाऱ्या, फरशा लावलेल्या मोठ्या शेकोट्या बांधायचा. गिऱ्हाइकं डेन्मार्कपासून ऑस्ट्रियापर्यंत, म्हणून विमान बाळगलेलं. हसला की काचा हादराव्यात असा माणूस. कसलीही हवा असो, दरीतून हा बाहेर यायचाच. तिला दाट संशय होता, की हा गडी खालचं न दिसताच "दिसतंय" म्हणून काटे सोडतो.

"गेर्नोट, ढगात असतानाच सोडतोस ना तू?" तिने एकदा सरळ विचारलं होतं.

"मी काय वेडाय? भोक दिसतं, मग सोडतो."

"रोज बरं भोक दिसतं तुला!"

"शोधणाऱ्याला दिसतं, रोस्विता. तू शोधत नाहीस, तू नुसती वाट बघतेस कधी बुजतंय त्याची." आणि कॉफीचा कप पुढे करून, "हा पण निम्माच भरलास?"

एंगेलबर्टची सत्तरी सप्टेंबरअखेरच्या शनिवारी आली. चारला कॉफी आणि आलुबुखाऱ्याचा केक, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अलमुटला आगगाडीने यायला आख्खा दिवस जाणार, पण गेर्नोट नेमका सोन्नरबोर्गजवळ एका गिऱ्हाइकाची शेकोटी बांधायला गेला होता. "मी आणतो तिला," त्याने आपण होऊन सांगितलं. याला एवढा पुळका का, हा विचार रोस्विताने तीन दिवस केला. उत्तर मिळालं नाही, पण केक मोठा केला.

सकाळी लख्ख ऊन होतं. टीव्हीवाल्याने दिवसभर तसंच राहील म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ती सावधच होती. दुपारी जेवणं झाली आणि पश्चिमेकडून गारवा आला. ती एप्रन न काढताच टेकडीवर गेली. कँटीन बंद होतं. सगळे क्लबवाले चारच्या कॉफीसाठी दाढ्या करत असणार.

काचेच्या खोलीतून तिने बघितलं. आधी लांबच्या पवनचक्क्या गेल्या. मग चर्चच्या टोकावरचा पत्र्याचा कोंबडा गेला, मग आख्खं चर्च. थोड्या वेळाने धुकं पट्टीवरून सरकत आलं आणि खिडकीखालचं कुंपणही दिसेनासं झालं. इतक्या वर्षांत तिने असं फार थोड्या वेळा बघितलं होतं. ढग कितीवर आहे हा प्रश्नच उरला नव्हता. ती ढगातच बसली होती.

रेडिओ खरखरला. "काल्टनराथ, गेर्नोट बोलतोय. कोब्लेन्झच्या वर आहे, अजून रडारच्या हातात. केक उरलाय का?"

"केक कापलेला नाही," ती म्हणाली. "गेर्नोट, इथे ढग जमिनीला टेकलाय. काही दिसत नाही. तू काटे सोडू नकोस. मोठ्या विमानतळावर जा."

पलीकडे हसू. "बरं बरं. टेकलाय म्हणजे चारशे तरी असेल. मोझेलवर झकास भोक आहे, मळे दिसतायत. आता सोडतो आणि दरीने येतो."

"चारशे? मी कुठे चारशे म्हटलं? टेकलाय म्हटलं मी!"

"मार्चमध्येपण टेकलाय म्हणालीस की. तेव्हा मी आरामात उतरलो."

मार्चमध्ये ती तसं म्हणाली होती. मार्चमध्ये ढग चांगला चारशेवर होता.

"गेर्नोट, चर्च दिसत नाही."

"तुला चर्च कधी दिसतं?" मग समजुतीच्या सुरात, "अगं रोस्विता, आता तुला सांगायला हरकत नाही. तू निम्मं सांगतेस, आम्ही दुप्पट करतो. ती दोन बोटं, तीच ती. सगळ्यांना माहितीये. टिलमान तर नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. राग मानू नकोस. तुझ्या काळजीपोटीच आहे ते, कळतं आम्हाला."

रोस्विताच्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. म्हणजे हे होतं. हनुवटी नाही, उचलबांगडी नाही. इतकी वर्षं ती यांना राखत होती आणि हे तिला गुणत होते. तिच्या कुठल्याच बोलण्याने एकही माणूस घरी बसला नव्हता. ओरखडा आला नव्हता तो ढगाच्या मेहरबानीने.

पण आत्ता अपमानाला वेळ नव्हता. आता काय सांगायचं? शून्य म्हणावं? शून्याची दुप्पट शून्यच, पण गेर्नोटच्या हिशेबात तिचं शून्यही चारशे होत होतं. खरं सांगितलं तर तो वाढवणार. खऱ्यापेक्षा कमी सांगायला खाली जागाच उरली नव्हती. पट्टीवर आगीचा बंब आडवा पडलाय म्हणावं? तिच्या तोंडचा बंब कोण खरा मानेल? हुकूम करायचा अधिकार नाही, आणि सांगायचं ते सगळं तिने आधीच खर्चून टाकलं होतं. तिकडे तो रडारवाला बिचारा. त्याला विचारायचीच मुभा नाही. गेर्नोटने ते एक वाक्य म्हटलं की तो "ठीक आहे" म्हणणार आणि हात सोडणार.

"गेर्नोट, अलमुट ऐकतेय का?"

"ऐकतेय ना. तिच्या कानावर पण हेडफोन आहेत."

"तिला बोलू दे."

खरखर झाली. "हां आई. काय गं, एवढं काय?" म्हाताऱ्या माणसांशी बोलायचा तो मऊ आवाज. "घाबरू नकोस. गेर्नोटला कळतं तो काय करतोय ते."

रोस्विताने बटण दाबलं. त्या लहरीवर आजूबाजूच्या चार मैदानांचं बोलणं चालतं. कोण कोण ऐकत असेल, कोण जाणे. तिने डोळे मिटले. तसंही उघडे ठेवून काही दिसत नव्हतं.

"अलमुट," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं."

तिने बटण सोडलंच नाही.

"मीच ठेवते. पहिल्यापासून. त्या नाचाच्या दिवशी तू वेळेवर आली होतीस. अकराला आली होतीस तू. मला माहिती होतं, आणि मी मुद्दाम खोटं बोलले. आत्ता नाही बोलत. मला कुंपण दिसत नाहीये, पोरी. खिडकीखालचं कुंपण."

बटणावरचं बोट निघेना, ते दुसऱ्या हाताने काढावं लागलं.

मग अलमुटचा आवाज आला. आता तो मऊ नव्हता, आणि ती आईशी बोलतही नव्हती. "गेर्नोट, काही संपवू नकोस. वळव."

"अगं पण भोक बघ की केवढं—"

"भोक गेलं खड्ड्यात. माझी आई मेली असती तरी हे बोलली नसती. वळव म्हणतेय ना!"

आणि रेडिओ गप्प झाला.

रोस्विताने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. दुसऱ्या रेडिओवर रडारशी बोलत असतील, दुसरं काय? की दरीत शिरले? दरीत शिरलं की डोंगराआड आवाज पोचत नाही, हे तिला माहिती होतं. वळले तरी गप्प, शिरले तरी गप्प. गेर्नोटने पोरीची समजूत घातली असेल. गोड बोलायला किती वेळ लागतो? तिने खिडकी उघडली आणि दरीच्या बाजूला कान लावून उभी राहिली. धुकं आत आलं, एप्रन ओला झाला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एंगेलबर्ट नव्या सदऱ्यात, हातात छत्री. "पाहुणे यायला लागतील, तू—"

"गप्प. ऐक. इंजिन ऐकू येतंय का?"

एंगेलबर्टने ऐकलं. पोळ्यापाशी उभं राहून माश्यांचा आवाज ओळखणारे कान ते. "नाही," तो म्हणाला.

"नीट ऐक."

"नाही गं, रोस्विता. काही नाही." आणि मग त्याने तिचा चेहरा बघितला आणि छत्री खाली ठेवली. दोघं खिडकीत उभे राहिले.

फोन वाजला तेव्हा तिने तो उचलला नाही, एंगेलबर्टने उचलला. "हो. हो. बरं," एवढंच म्हणाला आणि तिच्या हातात दिला.

"आई, उतरलो. शेवटपर्यंत काही दिसत नव्हतं, मग एकदम पट्टी समोर."

"कुठे आहेस?"

"मोठ्या विमानतळावर, आई."

"नक्की?"

"आई!"

"गेर्नोटला दे."

गेर्नोट फोनवर आला तेव्हा त्याच्या आवाजात काचा हादरवणारं काही शिल्लक नव्हतं. "वळलो तेव्हा मागे वळून बघितलं," तो म्हणाला. "भोक नव्हतंच. तेवढ्यात बुजलं होतं. मी खाली शिरलो असतो, तर..." आणि मग म्हणाला, "भोकसुद्धा मी दुप्पट करूनच बघत होतो, रोस्विता. इतकी वर्षं."

"ते मला माहिती होतं," रोस्विता म्हणाली आणि फोन ठेवून खुर्चीत बसून ढसाढसा रडली.

अलमुट टॅक्सीने घरी पोचली तेव्हा अंधारायला लागलं होतं. पाहुणे केकभोवती ताटकळत बसलेले. एंगेलबर्टने सुरी लपवून ठेवली होती. बापाला मिठी मारून झाली आणि कोट अंगावर तसाच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. रोस्विता मागोमाग दारापर्यंत आली. अलमुटने स्टूल ओढलं, वर चढली, भिंतीवरचं घड्याळ काढलं, मागची कळ फिरवून काटा दहा मिनिटं मागे घेतला आणि घड्याळ परत टांगलं. वाकडं लागलं होतं ते सरळ केलं.

"मी वेळेवर आले होते," स्टुलावरूनच ती म्हणाली.

"हो," रोस्विता म्हणाली. "आली होतीस."

अलमुट खाली उतरली आणि तिने आईच्या ओल्या एप्रनला नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "चल, केक दे. मोठा तुकडा. निम्मा नको."

पुढच्या रविवारी टिलमान नातवाला घेऊन उडायला निघाला. हवा साधारण होती. काचेच्या खोलीत गेर्नोट येऊन बसला होता. कॉफीचं निमित्त. खाली पट्टीच्या तोंडाशी विमान उभं होतं आणि रेडिओवर टिलमानने ढग विचारला.

रोस्विताने पवनचक्क्यांकडे बघितलं, चर्चच्या कोंबड्याकडे बघितलं. घसा खाकरला. "आठशे," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा आठशेला आठशे म्हणताना तिला उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटलं.

विमानाच्या काचेतून टिलमानने नातवाला दोन बोटं दाखवली. सवयच ती. वरून दोघांनाही दिसली.

गेर्नोटने कप ठेवला, जिना उतरला आणि भुरभुर पावसात तरातरा चालत विमानापाशी गेला. त्याने काचेवर टकटक केलं, आत वाकून काहीतरी सांगितलं, आणि टिलमानची दोन बोटं हातात धरून खाली घेतली. रोस्विताला ऐकू आलं नाही, पण दिसलं.

मग रेडिओवर टिलमानचा आवाज. "आठशेच ना, रोस्विता?"

"आठशेच."

विमान उडालं, वर गेलं आणि थोड्या वेळाने टिलमानने वरून ढगाची खरी उंची कळवली. "काल्टनराथ, ढग साडेसातशेवर."

गेर्नोट भिजून वर आला होता. रोस्विताने त्याच्या कपात काठोकाठ कॉफी ओतली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"साडेसातशे काय," ती म्हणाली. "आठशेच आहे. पन्नास त्याने हातचे राखले."